आकड्यांचा कारभारी

गेल्या मे महिन्यांत आमच्या आळींतील एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आला. चौथ्या इयत्तेंत तो माझ्या हाताखालीं शिकला होता. नोकरी लागली म्हणून नमस्काराला आलों, असें म्हणाला. "कसली नोकरी?" असें मीं विचारतांच त्यानें इंग्रजी नांव सांगितलें : बिझनेस इंटेलिजन्स ॲनालिस्ट. "म्हणजे करायचें काय रे?" तो म्हणाला, "गुरुजी, कंपनीचे आकडे पाहायचे, त्यांवरून काय चाललें आहे तें ओळखायचें आणि पुढें काय करावें हें वरिष्ठांना सांगायचें." त्याचे आईवडीलहि बरोबर होते. आई हळूच म्हणाली, "म्हणजे कारकुनीच कीं!" वडील हंसून म्हणाले, "कारकुनी कसली? पुढचें सांगायचें म्हणजे ज्योतिषच तें!" माझ्या मनांत मात्र तिसराच शब्द आला होता. 'इंटेलिजन्स' म्हणतांच मला हेरखात्याची आठवण झाली.

कारकून, ज्योतिषी आणि हेर! एकाच पेशाविषयीं तीन माणसांचे हे तीन तर्क. आज हजारों घरांतील मुलेंमुली या धंद्याकडे वळत आहेत आणि घरच्या वडील माणसांना तो काय आहे हें नीट उमगत नाहीं. म्हणून या पेशाची कुळकथा आज आपणांपुढें ठेवावी असें योजिलें आहे. ही कथा ऐकल्यावर आपल्या लक्षांत येईल कीं, त्या तिन्ही तर्कांत थोडथोडें तथ्य होतें; परंतु पुरतें सत्य एकांतहि नव्हतें.

प्रथम हेराची गोष्ट घेऊं. इंग्रजींतील 'इंटेलिजन्स' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बुद्धि आणि दुसरा बातमी. 'बिझनेस इंटेलिजन्स' हा जोडशब्द रिचर्ड मिलर डेव्हेन्स नांवाच्या अमेरिकन ग्रंथकारानें १८६५ सालीं व्यापारविषयक आख्यायिकांच्या आपल्या कोशांत वापरला, तो दुसऱ्या अर्थानें. तेथें त्यानें लंडनचा सावकार सर हेन्री फर्नेस याची हकीकत दिली आहे. हा गृहस्थ सतराव्या शतकाच्या अखेरीचा. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम आणि फ्रान्सचा चौदावा लुई यांचें युद्ध तेव्हां चाललें होतें. फर्नेसनें हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स आणि जर्मनी या मुलुखांत बातम्या आणणाऱ्या माणसांची एक सांखळीच उभी केली होती. १६९५ सालीं नामूरचा किल्ला पडला, तेव्हां ती वार्ता लंडनच्या बाजारांत पसरण्यापूर्वीं याच्या कानीं आली आणि या आगाऊ ज्ञानावर त्यानें पैसा केला. जें इतरांना उद्यां कळणार तें आपणांस आज कळावें, एवढाच त्या काळीं व्यापारी बातमीचा अर्थ होता. पुढच्या लेखकांनीं असेंहि नमूद केलें आहे कीं, प्रसंगीं हा सावकार बाजारांत खोट्या बातम्याहि पेरीत असे. धंद्याच्या जन्माबरोबरच त्याचें पापहि जन्माला आलें होतें, हें आपण ध्यानांत ठेवूं या.

आपणां महाराष्ट्रीयांना बातमीचें महत्त्व कोणी नव्यानें शिकवावयास नको. पेशवाईंत निरनिराळ्या दरबारीं आपले वकील असत आणि तेथील बारीकसारीक हालचाली ते पुण्यास लिहून कळवीत. नाना फडणिसांचा दरारा तरवारीचा नव्हता. कोणत्या दरबारांत काय शिजत आहे हें त्यांना ठाऊक असे, त्या माहितीचा तो दरारा होता. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेविलेले आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून पुढें प्रसिद्ध झाले. या दप्तरांत लढायांच्या वार्तांबरोबर हिशेबांचाहि मोठा भरणा आहे. नानांचें आडनांव झालेला 'फडणीस' हा शब्दहि मूळचा हिशेबी दप्तराच्या अधिकाऱ्याचा. बातमी आणि हिशेब एका हातीं असले म्हणजे कारभार हातीं येतो, हें त्या काळच्या मुत्सद्द्यांनीं ओळखलें होतें.

आतां कारकुनाकडे वळूं. आपल्या पेढीवरचा जुना दिवाणजी काय करी? रोजचा व्यवहार रोजकीर्दींत लिही. मग रोजकीर्दींतील नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवी, ती खतावणी. आणि खतावणीवरून शेवटीं तेरीज काढी. शेटजी रोजकीर्द वाचीत नसत. ते तेरीज पाहत आणि त्यावरून कोणाला उधारी द्यावी, कोणाची थांबवावी हें ठरवीत. आजच्या यंत्रयुगांतील सारा डोलारा या तीन पायऱ्यांवरच उभा आहे. फरक पडला तो नोंदींच्या संख्येंत आणि काम उरकण्याच्या वेगांत.

तेरीज डोळ्यांना दिसावी कशी, हा प्रश्न विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें सोडविला. १७८६ सालीं त्यानें इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे कोष्टकांत न मांडतां चढत्या-उतरत्या रेषांनीं काढून दाखविले. स्कॉटलंडचे मात्र अनेक वर्षांचे आकडे त्याच्या हातीं नव्हते. होते ते एकाच वर्षाचे. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्यानें प्रत्येक देशापुढें लहानमोठे पट्टे काढले. आज वर्तमानपत्रांत जो स्तंभालेख आपण पाहतों, त्याचा जन्म असा माहितीच्या अभावांतून झाला. जेवढें ठाऊक आहे तेवढेंच दाखवावें, नसलेली रेषा ओढूं नये, हा प्रामाणिकपणाचा धडाहि त्यांत आहे.

पुढें नोंदीच इतक्या वाढल्या कीं हात थकले. अमेरिकेंत १८८० सालीं शिरगणती झाली, तिची छाननी पुरी होण्यास सात-आठ वर्षें लागलीं. तोंवर पुढची शिरगणती दाराशीं आली! तेव्हां हर्मन हॉलेरिथ नांवाच्या तरुण इंजिनिअरानें युक्ति काढली. प्रत्येक माणसाचें एक जाड कागदाचें पत्रक करावें, त्याचें वय, लिंग, व्यवसाय यांच्या जागीं भोकें पाडावीं आणि विजेच्या यंत्रानें तीं भोकें मोजावीं. १८९० च्या शिरगणतींत सहा कोटींहून अधिक माणसांची मोजदाद या यंत्रांनीं केली. हॉलेरिथनें १८९६ सालीं आपली कंपनी काढली. १९११ सालीं ती इतर कंपन्यांत मिळाली आणि त्या जोडकंपनीचें नांव १९२४ सालीं इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स असें झालें. हीच ती आय.बी.एम.

याच आय.बी.एम. कंपनींत आपल्या कथेचा खरा नायक काम करीत होता. त्याचें नांव हान्स पीटर लून. जर्मनींतील बार्मेन गांवीं १८९६ सालीं त्याचा जन्म झाला. कापडाच्या धंद्यांत असतां कापडांतील धागे मोजण्याचें एक सोपें साधन त्यानें शोधून काढलें. आपल्या खिशांतील क्रेडिट कार्डावर जो लांबलचक आंकडा असतो, त्यांतील शेवटचा अंक हा आधींचे अंक बरोबर आहेत कीं नाहींत हें पडताळण्यासाठीं असतो. ती रीतिहि या लूनचीच. १९५८ सालीं त्यानें आय.बी.एम.च्या नियतकालिकांत 'बिझनेस इंटेलिजन्स' पद्धतीवर एक लेख लिहिला. कचेरींत येणारे कागद यंत्रानें वाचावे, त्यांचा सारांश काढावा आणि ज्या अधिकाऱ्याला ज्या विषयाची गरज असेल त्याच्याकडे तेवढाच कागद आपोआप जावा, अशी त्याची योजना होती.

परंतु योजनेहून महत्त्वाची होती ती त्यानें केलेली शब्दाची फोड. त्यानें बातमीचा अर्थ मागें ठेवला आणि बुद्धीचा अर्थ पुढें आणला. समोर आलेल्या गोष्टींचे परस्परसंबंध अशा रीतीनें ओळखावयाचे कीं, त्यायोगें इष्ट हेतूकडे नेणारें पाऊल टाकतां यावें, ती बुद्धि, असा त्याचा आशय होता. फर्नेसच्या व्यापारी बातमींत वेग होता, संबंध नव्हता. दिवाणजीच्या तेरजेंत बेरीज होती, पाऊल नव्हतें. लूनने तिन्ही एकत्र आणलीं : गोष्टी, त्यांचे संबंध आणि कृति. आमच्या आळींतल्या त्या मुलाच्या नोकरीचें बीज या १९५८ सालच्या लेखांत आहे.

बीज रुजावयास मात्र वेळ लागला. १९७० सालीं एडगर कॉड या आय.बी.एम.मधील गणितज्ञानें यंत्रांतील माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवावी आणि कोष्टकांचे परस्परांशीं दुवे जुळवावे, अशी मांडणी केली. १९७४ सालीं डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनीं त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिला आज एस.क्यू.एल. म्हणतात. १९७९ सालीं व्हिजिकॅल्क नांवाची आज्ञावली आली आणि टेबलावरच्या लहान संगणकावर ताळेबंद मांडतां येऊं लागला. १९८८ सालीं बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनीं साऱ्या कंपनीची विखुरलेली माहिती एका कोठारांत भरण्याची कल्पना मांडली. आणि १९८९ सालीं हॉवर्ड ड्रेसनर यांनीं या साऱ्या खटाटोपाला 'बिझनेस इंटेलिजन्स' हें जुनें नांव पुन्हां दिलें आणि तें रूढ झालें. यंत्रें मोजूं लागलीं, यंत्रें साठवूं लागलीं. मग उरलें काय? तर योग्य प्रश्न विचारणारा माणूस.

हा माणूस प्रत्यक्षांत काय करतो, याचें एक उदाहरण देतों. २००४ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतावर चार्ली नांवाचें चक्रीवादळ आलें आणि थोड्याच आठवड्यांत फ्रान्सिस नांवाचें दुसरें वादळ येऊं घातलें. वॉलमार्ट या दुकानदार कंपनीच्या लोकांनीं पहिल्या वादळापूर्वींच्या विक्रीच्या नोंदी उघडल्या. वादळापूर्वीं लोक बॅटऱ्या घेणार, हें कोणीहि सांगेल. नोंदींत मात्र असें आढळलें कीं, स्ट्रॉबेरीच्या पॉप-टार्ट नांवाच्या गोड वड्या नेहमींच्या सातपट खपल्या होत्या. विचार केला म्हणजे कारण सुचतें : वीज गेली, चूल पेटली नाहीं, तरी मुलांच्या हातीं देतां येईल असा तो खाऊ आहे. मग त्या मालाच्या गाड्या वादळाच्या वाटेवरील दुकानांकडे धाडण्यांत आल्या. येथें नोंद आहे, संबंध आहे आणि कृतिहि आहे. लूनची व्याख्या येथें पुरी झाली.

आतां ज्योतिषाचा तर्क. ज्योतिषी आपल्या पोथीला प्रश्न विचारीत नाहीं. विश्लेषकानें मात्र पहिला प्रश्न आपल्या पोथीलाच विचारावा लागतो : हा आकडा आला कोठून? दुसऱ्या महायुद्धांत अब्राहम वाल्ड नांवाचे संख्याशास्त्रज्ञ अमेरिकेंत लष्करासाठीं काम करीत होते. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांचीं भोकें कोठें आहेत हें पाहून कोणता भाग बळकट करावा, हा प्रश्न होता. सामान्य माणूस म्हणेल, जेथें भोकें अधिक तेथें पत्रा जाड करा. वाल्ड यांच्या विचारांतून उलट निष्पन्न होतें. हीं विमानें परत आलीं. जीं आलीं नाहींत तीं कोठें लागून पडलीं? ज्या जागीं परतलेल्या विमानांवर भोकें दिसत नाहींत, तीच जागा नाजूक असली पाहिजे. या गोष्टीला पुढें पुष्कळ तिखटमीठ लागलें. पण वाल्ड यांचीं १९४३ सालचीं टिपणें आजहि वाचावयास मिळतात. हेच वाल्ड व्याख्यानांसाठीं हिंदुस्थानांत आले असतां १९५० च्या डिसेंबरांत नीलगिरीच्या डोंगरांत विमान अपघातांत मरण पावले.

दुसरें उदाहरण आपल्या मातींतलें आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे. जन्म १९११ चा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत आणि पुढें लंडनमध्यें. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं आणि देशांत धान्य नक्की किती पिकतें, हा प्रश्न जिवावरचा झाला. सगळीं शेतें मोजतां येत नाहींत. म्हणून कांहीं शेतांत लहानसा तुकडा आखावयाचा, तेवढेंच पीक कापून तोलावयाचें आणि त्यावरून अंदाज बांधावयाचा. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, तुकडा फार लहान असला तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें. कारण साधें होतें. आखणीच्या रेघेवर उभीं असलेलीं ताटें कापणारा माणूस बहुधा आंत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यांत रेघेवरच्या ताटांचा वांटा मोठा! कापणाऱ्याच्या मनांत पाप नव्हतें. पण कागदावर धान्य वाढलें होतें. कागदावरच्या धान्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. सुखात्मे पुढें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेंत संख्याशास्त्राच्या विभागाचे प्रमुख झाले.

कापणाऱ्याच्या मनांत पाप नव्हतें, असें मीं म्हटलें. पण तें असलें तर? येथें मला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

मी तरुणपणीं एका बाजाराच्या गांवीं शिक्षक होतों. वर्गाचा हजेरीपट लिहितां लिहितां माझ्या ध्यानांत आलें कीं, आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं मुली फार गैरहजर असतात. आई बाजारांत बसे आणि धाकट्या भावंडाला सांभाळावयास मुलगी घरीं राही. पुढें तपासणीचे दिवस आले. "गुरुजी, हजेरीचा आकडा जरा बरा दिसूं द्या," असें मला वरून सांगण्यांत आलें. मी नवखा होतों. मीं महिनाअखेरची सरासरी बरी करून लिहिली. कांहीं महिन्यांनीं मला सुचलें कीं, बाजारच्या दिवशीं शाळा सकाळची केली तर या मुली येऊं शकतील. मीं तसा अर्ज केला. उत्तर आलें : आपल्या शाळेची हजेरी समाधानकारक असल्यामुळें वेळ बदलण्याचें कारण दिसत नाहीं. श्रोतेहो, तो समाधानकारक आकडा माझ्याच हातचा होता. त्या मुलींपैकीं दोघींनीं पुढें शाळा सोडली. खोटा आकडा कागदावर निजून राहत नाहीं. तो परत येतो आणि खऱ्या माणसाच्या वाटेंत उभा राहतो, हें मी त्या दिवशीं शिकलों.

हा मोह मोठ्यांनाहि सुटत नाहीं. ज्या कॉड यांनीं कोष्टकांची मांडणी केली, त्यांनीं १९९३ सालीं आकड्यांच्या झटपट विश्लेषणाच्या साधनांना कोणत्या कसोट्या असाव्या, याचा एक लेख तयार केला. मागाहून उघड झालें कीं, असेंच साधन विकणाऱ्या एका कंपनीनें त्या लेखाचा खर्च उचलला होता, आणि मोठा वाद माजला. लेखांतील विचार टाकाऊ नव्हते. आजहि त्यांचा उल्लेख होतो. पण पैसा कोणाचा हें आधींच सांगितलें असतें, तर एवढ्या थोर माणसाच्या शब्दाला उणेपणा आला नसता.

आतां त्या मुलाच्या आईवडिलांना आणि आपणां सर्वांना थोडें व्यवहाराचें सांगतों. या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्यानें ताळेबंदाचें कोष्टक, एस.क्यू.एल. भाषा, आलेख काढण्याचीं साधनें आणि संख्याशास्त्राचा पाया इतकें शिकलेंच पाहिजे. परंतु साधनें बदलत असतात; व्हिजिकॅल्क आज कोणी वापरीत नाहीं. हल्लीं तर प्रश्नाची भाषा यंत्रच लिहून देऊं लागलें आहे. म्हणून त्याहून टिकाऊ अशा तीन गोष्टी जोडाव्या. पहिली, ज्या धंद्याचे आकडे पाहावयाचे तो धंदा प्रत्यक्ष पाहावा. गोदामांत जावें, गल्ल्यापाशीं उभें राहावें, कारण नोंद करणारा हात ओळखल्याशिवाय नोंद कळत नाहीं. दुसरी, चार ओळींत सरळ लिहितां यावें. वरिष्ठाला रोजकीर्द नको असते, तेरीज हवी असते. तिसरी, नको असलेला आकडा नम्रपणें पण न बदलतां सांगण्याचें धैर्य असावें. ही तिसरी गोष्ट कोणत्याहि अभ्यासक्रमांत नाहीं; ती घरांत शिकविली जाते, म्हणून ती मीं आईबापांच्या कानांवर घालीत आहें.

पेढे देऊन गेलेला तो मुलगा गेल्या पंधरवड्यांत पुन्हां भेटला. मीं त्याला त्या हजेरीपटाची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, परवांच आमच्याकडे एक आकडा जरा बरा दाखवा म्हणाले होते." "मग?" "मीं दोन आकडे दाखविले. त्यांना हवा होता तो आणि खरा. कोणता कसा काढला तेंहि खालीं लिहिलें." मीं विचारलें, "रागावले का?" "रागावले. पण बैठकींत खरा आकडाच वाचला."

त्याच्या आईला आतां मी सांगणार आहें कीं, हा कारकून नव्हे, ज्योतिषी नव्हे आणि हेरहि नव्हे. जुन्या मराठींत अशा माणसाला एक चांगला शब्द आहे : कारभारी. धन्याला गोड लागेल तें न सांगतां धन्याच्या हिताचें सांगतो, तो कारभारी.